कपाळावरचा अंगठा

१
लग्नानंतर गोव्यातल्या साष्टीतल्या सासरची पहिली संध्याकाळ. तेर्स संपला. तेर्स म्हणजे जपमाळेची प्रार्थना. अल्तारवरची मेणबत्ती तशीच जळत ठेवून घरातली लहान माणसं ओळीनं मोठ्यांपुढे गेली. "बेसांव घाल, पाय." "बेसांव घाल, मांय." पाय म्हणजे बाबा, मांय म्हणजे आई. सासऱ्यांनी एकेकाच्या कपाळावर अंगठ्यानं क्रूस काढला. "देव बेसांव घालूं." ओळीत शेवटी माझा नवरा, तेव्हा एकतीस वर्षांचा. त्याच्यामागे मी.

२
'बेसांव' म्हणजे आशीर्वाद. हा शब्द पोर्तुगीज 'बेंसांव'वरून आला आणि तो लॅटिन 'बेनेदिक्तियो'वरून. बेने म्हणजे चांगलं, पुढचा भाग बोलण्याचा.
आशीर्वाद : आशिस् आणि वाद. वाद म्हणजेही बोलणंच.

३
आमच्या नगरच्या घरी अंगठा नव्हता. आम्ही मिशनच्या मंडळीतले, प्रॉटेस्टंट. क्रूस काढणं ही कॅथलिकांची रीत, असं आजोबा म्हणत. रात्री जेवणाआधी कौटुंबिक प्रार्थना व्हायची. एक गीत, एक शास्त्रपाठ, मग आजोबा डोळे मिटून प्रत्येक नातवंडाचं नाव घेत. नावासोबत त्या दिवशीची त्याची अडचण. "प्रभू, हिचा उद्या गणिताचा पेपर आहे." "प्रभू, ह्याचा खोकला." आम्ही अकरा नातवंडं. भाकऱ्यांचा वास येत असायचा, पण आपलं नाव येईपर्यंत कोणी हलत नसे.

४
शाळेच्या व्याकरणात आज्ञार्थाचे उपयोग पाठ करून घेतात : आज्ञा, विनंती, प्रार्थना, उपदेश, आशीर्वाद. पाचांना क्रियापदाचं रूप एकच. देव तुझं भलं करो.
यातली आज्ञा कोणाला आहे, हे मी शाळेत कधी विचारलं नाही.

५
१९७९. जेरुसलेमच्या जुन्या शहराबाहेर केतेफ हिन्नोम नावाच्या जागी गॅब्रिएल बार्काय हे पुरातत्त्वज्ञ थडगी खोदत होते. मदतीला शाळकरी मुलं. त्यांतल्या बारा-तेरा वर्षांच्या एका मुलाला थडग्याचा एक कोनाडा झाडायला सांगितला होता. त्याला कंटाळा आला आणि त्यानं हातोडीनं जमिनीवर ठोकलं. जमीन फुटली. ती जमीन नव्हतीच, वरून कोसळलेलं छत होतं. खाली अडीच हजार वर्षं कोणाचा हात न लागलेल्या वस्तू होत्या.
त्यांत चांदीच्या पातळ पत्र्याच्या दोन बारीक गुंडाळ्या निघाल्या. त्या न मोडता उलगडायला तीन वर्षं गेली. धाकटीची लांबी जेमतेम चार सेंटिमीटर. आत सुईसारख्या टोकानं कोरलेली अक्षरं : बायबलातल्या गणना या पुस्तकातला, याजक अहरोनानं लोकांवर उच्चारायचा आशीर्वाद. वय सुमारे २,६०० वर्षं. मृत समुद्राजवळच्या गुंडाळ्यांहूनही कित्येक शतकं जुना.
दोरा ओवायला मधोमध जागा आहे. कोणाच्या तरी गळ्यात असणार.

६
तो आशीर्वाद मूळ हिब्रूत तीन ओळींचा. पहिल्या ओळीत तीन शब्द, दुसरीत पाच, तिसरीत सात. दर ओळीला हात थोडा लांब पोहोचतो.
त्यापुढच्या वाक्यात वाटणीही स्पष्ट केली आहे. याजकांनी देवाचं नाव लोकांवर ठेवायचं. आशीर्वाद द्यायचा तो देवानं.

७
गोव्यात आभार मानायचे तर "देव बरें करूं". बाजारात, बसमध्ये, कुळागरात. हिंदूही म्हणतात, ख्रिस्तीही म्हणतात. मासे विकणारी बाई सुटे पैसे परत देते आणि गिऱ्हाइकाच्या तोंडून आशीर्वाद घेऊन पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळते.

८
उत्पत्तीच्या अठ्ठेचाळिसाव्या अध्यायात याकोब म्हातारा झाला आहे, दिसत नाही. योसेफ आपल्या दोन मुलांना घेऊन येतो. थोरल्या मनश्शेला आजोबांच्या उजव्या हाताशी उभं करतो, धाकट्या एफ्राइमला डाव्या हाताशी. याकोब हात एकमेकांवरून ओलांडून नेतो. उजवा धाकट्यावर, डावा थोरल्यावर. योसेफ बापाचा हात धरून बाजूला करू पाहतो. त्याला वाटतं, चूक झाली.
म्हातारा सांगतो, मला ठाऊक आहे, बाळा, ठाऊक आहे.

९
याकोबानं स्वतः आशीर्वाद मिळवला होता तो आंधळ्या बापाला फसवून, हातांना करडांची कातडी गुंडाळून. एसाव रानातून परतला तेव्हा देऊन झालं होतं. दिलेलं परत घेता येत नव्हतं. एसाव मोठ्यानं रडला. त्याचा प्रश्न होता, तुमच्याकडे एकच होता का?
प्रत्येक घरातलं दुसरं मूल हा प्रश्न कधीतरी विचारतं. पहिलंही विचारतं.

१०
ज्यू घरांत शुक्रवारी संध्याकाळी, शब्बाथ सुरू झाल्यावर, आईवडील मुलांच्या डोक्यावर हात ठेवतात. मुलगा असेल तर देव तुला एफ्राइम आणि मनश्शेसारखं करो. मुलगी असेल तर सारा, रिबेका, राहेल, लेआ यांच्यासारखं. मग त्या तीन, पाच, सात शब्दांच्या ओळी.
अब्राहाम नाही, मोशे नाही, दावीद नाही. हीच दोन नावं का, याचं एक उत्तर असं देतात : बायबलात एकमेकांशी न भांडलेले हे पहिले भाऊ.

११
माझा मुलगा आठ वर्षांचा असताना त्यानं एक खोटं सांगितलं आणि ते उघडं पडलं. मी खूप रागावले. रात्री प्रार्थना झाल्यावर तो रोजच्यासारखा पुढे आला. "बेसांव घाल, मांय." मी हात पुढे केला नाही. म्हटलं, आज नाही.
तो थोडा वेळ उभा राहिला आणि झोपायला गेला.
सासूबाई आतून सगळं ऐकत होत्या. बाहेर आल्या, मला काही बोलल्या नाहीत, मुलाच्या खोलीत गेल्या. परत येताना एवढंच म्हणाल्या, "तें तुजें न्हय गो. देवाचें तें."

१२
दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो पुन्हा आला. "बेसांव घाल, मांय."

१३
१५२९च्या ऑक्टोबरात टॉमस मोर इंग्लंडचा लॉर्ड चॅन्सेलर झाला. त्याचे वडील जॉन मोर तेव्हाही किंग्ज बेंचच्या न्यायालयात न्यायाधीश होते. दोघांची न्यायालयं वेस्टमिन्स्टर हॉलमध्येच. मोरचा जावई विल्यम रोपर यानं लिहून ठेवलं आहे, की आपल्या न्यायासनाकडे जाताना वडील आधीच बसलेले दिसले तर चॅन्सेलर आत जाई आणि सगळ्यांसमोर गुडघे टेकून त्यांचा आशीर्वाद मागे.
१५३०मध्ये वडील वारले.

१४
१५३५. मोरला देहान्ताची शिक्षा झाली. नदीकाठच्या धक्क्यावरून त्याला लंडनच्या टॉवरच्या तुरुंगात नेत होते. थोरली मुलगी मार्गारेट तिथे उभी होती. भालेकऱ्यांची रांग फोडून ती आत घुसली आणि बापाच्या गळ्यात पडली. त्यानं तिला आशीर्वाद दिला. ती थोडी चालून गेली आणि पुन्हा मागे धावली.
रोपर हा तिचा नवरा. त्यानं दोन्ही वेळा नोंदवल्या आहेत.

१५
जर्मन भाषेत आशीर्वादाला 'झेगन' म्हणतात. तो लॅटिन 'सिग्नुम'वरून आलेला. सिग्नुम म्हणजे खूण. तिथे आशीर्वाद बोलण्यातून आला नाही, बोटातून आला.

१६
मार्टिन ल्यूथरचा लहान प्रश्नोत्तरसंग्रह १५२९चा. कुटुंबप्रमुखानं घरच्यांना काय शिकवावं ते त्यात आहे. सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपताना स्वतःवर क्रुसाची खूण करावी, हेही आहे. अहरोनाचा आशीर्वाद उपासनेच्या शेवटी आणला तोही ल्यूथरनंच, १५२६च्या जर्मन उपासनाविधीत.
हे वाचलं तेव्हा आजोबा जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्यांना सांगायला हवं होतं. त्यांनी तो उतारा दोनदा वाचायला लावला असता.

१७
पीठ मळताना मूल शाळेला निघालं तर सासूबाई कोपरानं क्रूस काढायच्या.

१८
सासरे तरुणपणी बोटीवर होते. बोट मिळेपर्यंत मुंबईत धोबीतलावजवळच्या आपल्या गावच्या कुडीत राहिले. कूड म्हणजे गावानं चालवलेली खोली. भिंतीलगत पत्र्याच्या ट्रंका, समोर अल्तार, अल्तारवर गावच्या चर्चचा संत. भाडं थोडं, नियम कडक. संध्याकाळच्या तेर्साला कुडीत असलेल्या प्रत्येकानं गुडघे टेकायचे.
मी विचारलं, "आणि नंतर बेसांव कोण घालायचं?"
"जो सगळ्यांत म्हातारा असेल तो."
"तो कोणाकडे मागायचा?"
सासरे विचारात पडले. मग म्हणाले, "त्याला एकदा मीच घातलं. त्याची बोट सकाळी सुटायची होती. म्हणाला, आज तू घाल." सासरे तेव्हा बावीस वर्षांचे होते.

१९
इंग्रज धर्मगुरू टॉमस स्टीफन्स ४ एप्रिल १५७९ला लिस्बनहून निघाला आणि २४ ऑक्टोबरला गोव्यात उतरला. १० नोव्हेंबरला त्यानं लंडनमधल्या वडिलांना पत्र लिहिलं. वाट कशी होती, वारा कुठे पडला, समुद्रावर कोणते पक्षी दिसले. पुढे तो साष्टीत राहिला, आपली भाषा शिकला. त्याचं ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' १६१६ला राशोलला छापलं गेलं. राशोल साष्टीतच. १६१९मध्ये तो गोव्यातच वारला. चाळीस वर्षांत एकदाही घरी गेला नाही.
गावातली मुलं मात्र त्याला 'पाद्री' म्हणत असणार. पाद्री म्हणजे बापच.

२०
क्यूबेकच्या फ्रेंच घरांत नववर्षाच्या सकाळी थोरलं मूल सगळ्या भावंडांच्या वतीनं वडिलांकडे आशीर्वाद मागायचं. मग सगळे गुडघ्यांवर. एदमों-जोझेफ मासिकोत यानं १९१२मध्ये या प्रसंगाचं चित्र काढलं. बाप उभा, हात वर, समोर वाकलेली डोकी.
मागायचं कोणी हेही ठरलेलं होतं. मूल पुढे आल्याशिवाय बाप हात उचलत नसे.

२१
ब्राझीलमधली मुलं आईवडिलांना 'बेंसा' म्हणतात. आपलाच बेसांव, दुसऱ्या किनाऱ्यावर उतरलेला.
व्हेनेझुएलात आणि पोर्तो रिकोत घरी फोन केला की पहिला शब्द 'बेंदिसियोन'. हॅलो नंतर.
फिलिपिन्समध्ये 'मानो पो'. मानो हा स्पॅनिश हात आणि पो हा तिथल्या भाषेतला 'जी'. वडीलधाऱ्याचा हात आपण उचलायचा आणि आपल्याच कपाळाला लावायचा.
केरळातल्या सीरियन ख्रिस्ती घरांत संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर मुलं मोठ्यांना 'स्तुती' देतात : येशू ख्रिस्ताची स्तुती असो. मोठे उत्तर देतात, आता आणि सदैव. तिथे मूल मागत नाही, घेऊन येतं.

२२
कॅथलिक चर्चनं १९६९मध्ये लहान मुलांच्या बाप्तिस्म्याचा विधी नव्यानं बांधला. त्यात बाळाला दारातच क्रुसाची खूण करतात. आधी धर्मगुरू, मग तो आईवडिलांना बोलावतो. मग पाद्रिन आणि मादिन, म्हणजे बाळाचे धर्मपिता आणि धर्ममाता.
माझ्या मुलाच्या वेळी फादरनी माझ्याकडे पाहिलं. मी नगरची, अंगठ्याची सवय नाही. तो क्रूस वाकडा आला. बाळ जागं झालं नाही.

२३
१९८४च्या आशीर्वादविधींच्या पुस्तकात मुलांसाठीचा विधीही आहे. तो आईवडील स्वतः करू शकतात. धर्मगुरू लागत नाही, चर्चची इमारत लागत नाही. बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येकाला आशीर्वाद देण्यासाठी बोलावलेलं आहे, हे चर्चच्या १९९२च्या धर्मशिक्षणग्रंथातही आलं आहे.
रोममधून ही पुस्तकं येण्याआधी सासूबाईंच्या कोपरानं किती क्रूस काढले असतील.

२४
पंडिता रमाबाईंनी १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली आणल्या. अनेकींना आईबाप उरले नव्हते. केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. तिथेच छापखाना आला. साध्या बायांना कळेल असं बायबल मराठीत हवं म्हणून रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, भाषांतर करत राहिल्या. खिळे जुळवायला मुक्तीतल्याच मुली. ५ एप्रिल १९२२ला रमाबाई गेल्या, तेव्हा भाषांतर हातावेगळं झालं होतं. १९२४मध्ये पुस्तक बाहेर पडलं.
त्या पुस्तकात गणनाही आहे. गणनेचा सहावा अध्यायही आहे. तो आशीर्वाद कोणीतरी एकेक अक्षर उचलून, उलटं वाचत, ओळीत बसवला.

२५
सासरच्या गावी लग्नाच्या दिवशी चर्चला निघण्याआधी घरातच आईवडील मुलीला बेसांव घालतात. नात्यातल्या एका मुलीच्या लग्नाला वडील राजी नव्हते. त्या सकाळी ते माडांत पाणी सोडायला निघून गेले. तिच्या पाद्रिननं बेसांव घातलं.
वर्षानं तिला बाळ झालं. वडील आले, बाळाच्या कपाळावर क्रूस काढला आणि खुर्चीत बसले. ती समोरच उभी होती.
अजून ती त्यांच्यासमोर जाऊन मागते. दर रविवारी.

२६
१३ मार्च २०१३. नवे पोप फ्रान्सिस पहिल्यांदा सज्जात आले. खाली चौकात माणसंच माणसं, सगळी आशीर्वादासाठी थांबलेली. त्यांनी आधी लोकांना विनंती केली, की देवानं मला आशीर्वाद द्यावा म्हणून प्रार्थना करा. आणि ते वाकले. चौक शांत झाला.

२७
हिब्रूत 'आशीर्वाद देणं' आणि 'गुडघा' यांची मूळ अक्षरं तीच : ब, र, ख.

२८
मुलाला मी विचारलं, तू मागतोस तेव्हा मनात काय असतं? तो तेव्हा पंधरा वर्षांचा होता. म्हणाला, "काही नसतं. डोकं खाली असतं."

२९
सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणलं त्या संध्याकाळी आम्ही त्यांच्या खाटेभोवती तेर्स म्हटला. संपल्यावर मुलगा सवयीनं त्यांच्या उजव्या हाताशी गेला, तिथेच गुडघे टेकले आणि म्हणाला, "बेसांव घाल, शामाय."
आम्हाला कोणालाच सुचलं नाही. त्याला दुसऱ्या बाजूला ये म्हणावं, की नको.
सासूबाईंनी डावा हात उचलला. अंगावरून, निपचित उजव्या हातावरून पलीकडे नेला. अंगठा त्याच्या कपाळाला टेकला. उभी रेघ आली. आडवी रेघ काढायला बराच वेळ लागला. तो हलला नाही.
ओठ हलले. आवाज आला नाही.
मग नवरा गेला. मग मी.

३०
मार्क लिहितो, की लोक मुलांना येशूकडे आणत होते आणि शिष्य त्यांना दटावत होते. येशूला राग आला. त्यानं मुलांना कवेत घेतलं, त्यांच्यावर हात ठेवले आणि आशीर्वाद दिला.
त्या वेळी तो काय बोलला, हे मार्कनं लिहिलेलं नाही.